मुखपृष्ठावर कोण? संगीत-नियतकालिकांच्या दर्शनी पानाचा इतिहास

आज आपण संगीताला वाहिलेल्या नियतकालिकांच्या मुखपृष्ठांबद्दल बोलणार आहोत. विषय हलकाफुलका वाटतो, पण त्यात एक खरी अडचण आहे. तिथूनच सुरुवात करू. गाणं कागदावर ऐकू येत नाही. पाककृतींच्या मासिकाला निदान पुरणपोळीचा फोटो छापता येतो, बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. संगीताच्या मासिकाने काय छापायचं? सुराचा फोटो निघत नाही. निघतो तो माणसाचा. म्हणजे या मासिकांना पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न पडत आला: दर्शनी पानावर कोणाला बसवायचं? आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: अंक कोणी विकत घ्यावा असं आपल्याला वाटतं?

आपल्याकडे दिवाळी अंकांच्या वाचकांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. दीनानाथ दलालांचं चित्र दिसलं की आतली अनुक्रमणिका न उघडताच 'दीपावली' ओळखू यायचा. मुखपृष्ठ वाचकाला लांबूनच सांगतं, हा अंक तुझ्यासाठी आहे. आज आपण हेच काम इंग्लंड-अमेरिकेतल्या संगीत-नियतकालिकांनी कसं केलं ते पाहू. कारण तिथे ते फार चुरशीने झालं, आणि त्याची किंमतही कोणीतरी मोजली.

आधी स्टॉलची रचना लक्षात घ्या. स्टॉलवर अंक एकमेकांवर चढवून, नाहीतर एकामागे एक लावलेले असतात. त्यामुळे पूर्ण मुखपृष्ठ क्वचितच दिसतं. दिसते ती वरची पट्टी आणि डावीकडची कड. म्हणून मासिकाचं नाव वरती आणि महत्त्वाच्या ओळी शक्यतो डावीकडे. चेहरा मोठा, आणि डोळे थेट बघणाऱ्याकडे रोखलेले, कारण कोणी आपल्याकडे बघतंय असं वाटलं की माणूस थबकतो. रस्त्याने जाणाऱ्याकडे दोन-चार सेकंद असतात. तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे की हे मासिक आपलं आहे.

सुरुवातीला मात्र असं नव्हतं. लंडनचं 'मेलडी मेकर' 1926 साली निघालं ते वादकांसाठी. नृत्यगृहांत वाजवणारे व्यावसायिक लोक, त्यांची वाद्यं, त्यांच्या नोकऱ्या, हा त्याचा प्रांत. ज्याला अंक हवाच आहे, त्याला भुलवायचं कशाला? पुढे 1952 साली 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' आलं. लोक त्याला 'एनएमई' म्हणत. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला त्यांनी ब्रिटनमधली गाण्याच्या तबकड्यांच्या विक्रीची पहिली क्रमवारी छापली. पण या साप्ताहिकाचं पहिलं पान त्या काळात अनेकदा जाहिरातीला दिलेलं असे. जी जागा पुढे सर्वांत मौल्यवान ठरली, ती सरळ भाड्याने! संपादकाच्या नजरेसमोर तेव्हा जाहिरातदार होता. वाचक घरी बसून वाट पाहणारच होता.

ही घडी मोडली ती 1967 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. यान वेनर हा विशीतला तरुण आणि राल्फ ग्लीसन हे मुरलेले जॅझ-समीक्षक, या दोघांनी 'रोलिंग स्टोन' काढलं. पहिल्या अंकावर तारीख 9 नोव्हेंबर 1967. मुखपृष्ठावर जॉन लेनन, पण बीटल्सच्या वेशात नव्हे, 'हाऊ आय वन द वॉर' या युद्धावरच्या उपहासपटातल्या सैनिकाच्या वेशात. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं असताना हे चित्र एका विशिष्ट तरुणाला काय सांगत असेल, बघा. गाणं, सिनेमा आणि युद्धाविषयीचं मत एकाच पानावर. त्यात कागद साधा वृत्तपत्राचा, घडी घातलेला, आणि नावाची अक्षरं रिक ग्रिफिनने काढलेली. हा तिथल्या संगीतसभांची नागमोडी अक्षरांची पोस्टरं रंगवणारा चित्रकार. ज्याने ती पोस्टरं भिंतीवर पाहिली होती, त्याला ही अक्षरं ओळखीची वाटली. दुसऱ्या अंकावर टीना टर्नर होती. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाच वर्षांत या मुखपृष्ठाची ख्याती एवढी झाली की 'डॉक्टर हूक' नावाच्या मंडळीने आपला फोटो तिथे यावा या इच्छेवरच गाणं गायलं आणि ते गाजलं. मासिकाने मार्च 1973 मध्ये त्यांना मुखपृष्ठ दिलंही, पण व्यंगचित्राच्या रूपात, आणि मंडळीचं नाव न छापता! थट्टा बाजूला ठेवली तरी एक बदल दिसतो. एके काळी भाड्याने जाणारी जागा आता बक्षीस झाली होती.

या मासिकाचं सर्वांत लक्षात राहिलेलं मुखपृष्ठ ॲनी लीबोविट्झ यांनी 8 डिसेंबर 1980 रोजी टिपलं. विवस्त्र जॉन लेनन काळ्या कपड्यांतल्या योको ओनोला बिलगलेला आहे. त्याच रात्री लेननची हत्या झाली. 22 जानेवारी 1981 च्या अंकावर तो फोटो आला, आणि त्यावर मासिकाच्या नावाखेरीज मजकुराची एकही ओळ नव्हती. 2005 साली अमेरिकी मासिक-संपादकांच्या संघटनेने आधीच्या चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून ते निवडलं. आम्हांला यात महत्त्वाची वाटते ती मोकळी जागा. विकण्यासाठी ओळी लागतात. शोकासाठी त्या नको होत्या. आपला वाचक काय जाणतो हे संपादकाला इतकं पक्कं माहीत होतं की सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता पुन्हा इंग्लंडकडे येऊ, कारण वाचकांची खरी वाटणी तिथे झाली. 1976 मध्ये पंक संगीत आलं तेव्हा मार्क पेरी या तरुणाने 'स्निफिन ग्लू' नावाचं पत्रक काढलं. जाड पेनाने हाताने लिहिलेलं शीर्षक, टंकलेखन यंत्रावरचा मजकूर, झेरॉक्स प्रती. गरिबीतून आलेलं रूप, पण तेच त्याचं निमंत्रण ठरलं: हे कोणालाही करता येईल, तूही कर. मोठ्या साप्ताहिकांच्या छपाईला जे साधलं नसतं ते या ओबडधोबड पानाने साधलं.

मग निक लोगन. हा 'एनएमई'चा माजी संपादक. त्याने 1978 मध्ये 'स्मॅश हिट्स' काढलं आणि 1980 मध्ये स्वतःच्या शिलकीतून 'द फेस'. एकच माणूस, दोन वर्षांचं अंतर, आणि दोन मुखपृष्ठं शेजारी ठेवली तर एका घरची वाटणार नाहीत. 'स्मॅश हिट्स' शाळकरी मुलामुलींचं पाक्षिक. भडक रंग, हसरे चेहरे, आत गाण्यांचे शब्द छापलेले. मुखपृष्ठावर कोणत्या गाण्यांचे शब्द आत आहेत ते सांगितलं की काम झालं, कारण त्या वयाला गाणं पाठ करायचं असतं. 'द फेस'ने 1981 ते 1986 या काळात नेव्हिल ब्रॉडी या अक्षररचनाकाराच्या हाती मासिकाचं रूप सोपवलं. मोठा एकच फोटो, मोजकी अक्षरं, आणि तीही वाचायला किंचित अवघड. मार्च 1985 च्या अंकावर फेलिक्स हॉवर्ड हा कोवळा मुलगा आहे, टोपीवर वर्तमानपत्रातून फाडलेला 'किलर' हा शब्द लावलेला. तो कोणी प्रसिद्ध गायक नव्हता! संगीताच्या पोटी जन्मलेलं मासिक आता ऐटीने कसं राहावं ते विकत होतं. अक्षरं सहज वाचता न येणं हाही त्याचाच भाग. ज्याला कळेल तो आपला.

1981 च्या जूनमध्ये 'केरँग!' आलं, हेवी मेटलवाल्यांचं. हे नावच मुळी गिटारच्या तारांवर जोरात हात मारल्यावर निघणारा आवाज. आपण सुरुवातीला म्हटलं की कागदावर आवाज छापता येत नाही; यांनी तो अक्षरांत छापला! पहिल्या अंकावर 'एसी/डीसी'चा अँगस यंग. आणि 1986 च्या ऑक्टोबरमध्ये 'क्यू' निघालं. एकच अक्षर, लाल चौकोनात पांढरं. दुरून फलकासारखं दिसे. पहिल्या अंकावर पॉल मॅकार्टनी, वय 44. तरुणांच्या मासिकात चव्वेचाळिशीचा माणूस? नाही, हे तरुणांसाठी नव्हतंच. सीडी बाजारात आली होती आणि तिशी-चाळिशीतले लोक आपल्या जुन्या तबकड्यांची गाणी सीडीवर पुन्हा विकत घेत होते. त्यांच्या खिशात पैसे होते आणि त्यांना कोणी मासिक देत नव्हतं. मुखपृष्ठावरचा चेहरा वाचकाबरोबर वयाने वाढला, तो असा.

इथवर ही यशाची गोष्ट वाटते. आता तिची दुसरी बाजू पाहू. 'हे तुझं आहे' असं एकाला सांगणारं पान दुसऱ्याला 'हे तुझं नाही' असंही सांगत असतं. आणि ते सांगण्यासाठी कोणाला शब्द उच्चारावा लागत नाही.

मायकल जॅक्सनचं उदाहरण घ्या. लहान असताना, 1971 मध्ये, तो 'रोलिंग स्टोन'च्या मुखपृष्ठावर आला होता. 1979 च्या ऑगस्टमध्ये त्याची 'ऑफ द वॉल' तबकडी निघाली आणि तुफान खपली. त्याच्या प्रसिद्धी-प्रमुखाने मासिकाकडे मुखपृष्ठ मागितलं. उत्तर आलं, त्याचा आशय असा: मोठा लेख जरूर करू, पण हा मुखपृष्ठाचा विषय नाही. आतली पानं मिळतील, दार मिळणार नाही. काळा चेहरा लावला की खप घटतो, असं जॅक्सनला मासिकवाल्यांकडून वारंवार ऐकावं लागल्याचं त्याने नंतर सांगितलं. पुढे 'थ्रिलर' आल्यावर, फेब्रुवारी 1983 मध्ये, तो त्या मुखपृष्ठावर झळकला.

ज्या मासिकाने दुसऱ्याच अंकावर टीना टर्नरला बसवलं, त्याच मासिकाची ही कथा आहे. म्हणजे दार सुरुवातीला उघडं होतं. मग ते कसं लोटलं गेलं? आम्हांला वाटतं, उत्तर हिशेबात आहे. खपाचे आकडे मागच्या अंकांचे असतात. मागच्या अंकांनी जे वाचक जमवले, त्यांना कोणता चेहरा आवडला तेवढंच ते आकडे सांगतात. जो वाचक कधी आलाच नाही, त्याचा आकडा कुठल्याच वहीत नसतो. मग संपादक म्हणतो, आमचा वाचक असा आहे. आणि वाचक तसाच राहतो, कारण दुसऱ्याला बोलावलंच जात नाही. यात कोणाच्या मनात द्वेष असलाच पाहिजे असंही नाही. नुसती सवय पुरते.

'ऑफ द वॉल'चे निर्माते होते क्विन्सी जोन्स. याच जोन्स यांनी 1992 मध्ये 'टाइम' कंपनीच्या साथीने 'व्हाइब' या मासिकाचा नमुना अंक काढला. मुखपृष्ठावर 'नॉटी बाय नेचर'चा रॅपर ट्रीच. पुढच्या वर्षी नियमित अंक सुरू झाले, पहिल्यावर स्नूप डॉग. जो वाचक हिशेबात नव्हता, तो स्टॉलवर पैसे घेऊन उभा होता, एवढं या मासिकाने सिद्ध केलं.

चित्राची ही भाषा किती पक्की बसली आहे याचा पुरावा 2013 मध्ये मिळाला. 'रोलिंग स्टोन'ने बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटाच्या आरोपीचा फोटो मुखपृष्ठावर छापला. विस्कटलेले केस, सौम्य नजर, त्याचाच स्वतः काढलेला फोटो. शेजारच्या ओळींत त्याला स्पष्टपणे राक्षस म्हटलं होतं, आणि आतला लेख गंभीर पत्रकारितेचा होता. तरी संताप उसळला, मोठ्या दुकान-साखळ्यांनी अंक ठेवायला नकार दिला. का? पंचेचाळीस वर्षं त्या चौकटीत गायक-वादक बसले होते. तिथे बसणं म्हणजे मान, हे वाचकाच्या डोळ्यांत मुरलं होतं. ओळी काहीही म्हणोत, चौकटीने आपलं म्हणणं आधीच मांडलं होतं. आणि हेही नोंदवायला हवं की स्टॉलवर त्या अंकाचा खप नेहमीच्या दुपटीवर गेला.

आपल्या देशात या वळणाची मासिकं उशिरा आली. 1993 मध्ये अलाहाबादहून अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढलं. इथल्या रॉक मंडळींना स्वतःचे चेहरे छापील पानावर दिसू लागले. मार्च 2008 मध्ये मुंबईहून 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती निघाली. तोवर तिकडे ओहोटी लागली होती. 'स्मॅश हिट्स' 2006 मध्ये संपलं, 'एनएमई'चा छापील अंक 2018 मध्ये, 'क्यू' 2020 मध्ये.

स्टॉल ओसरला, पण दार लावण्या-उघडण्याचं काम संपलेलं नाही. आता ते फोनच्या पडद्यावर नखाएवढ्या चित्रांत चालतं. फरक एवढाच की स्टॉलवर सगळ्यांना सगळी मुखपृष्ठं दिसत; आपल्याला कोणी वगळलं तर तेही दिसे, म्हणून त्यावर भांडता येई. फोनवर प्रत्येकाला त्याच्या मागच्या आवडीप्रमाणे वेगळी चित्रं दिसतात. हिशेब तोच, मागच्या खपाचा. वगळलेला चेहरा मात्र आता दिसतच नाही. तेव्हा घरी गेल्यावर एक करून पाहा. शेजारी बसलेल्या माणसाचा फोन आणि आपला फोन समोरासमोर ठेवा, गाण्यांचं पान उघडा, आणि आपल्याला कोणाचा चेहरा दाखवला गेला नाही ते मोजा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.