सुकेळीचा चढ आणि दोन सायकली

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे मागे टाकून सुकेळीची खिंड उतरले की रोहे तालुक्यातले आमचे खांब लागते. काळ्या, दांड्याच्या ब्रेकच्या सायकलीला पोते बांधून ही खिंड चढणारा निम्म्यावर उतरतो आणि सायकल ढकलीत नेतो. आजचा तरुण गिअरच्या ‘माउंटन बाइक’वर बसल्याबसल्या चढ पार करतो, वर जुन्या सायकलीला हसतो. त्याला आपल्या वाहनाची वंशावळ ठाऊक नसावी!

डोंगरी सायकल जन्मली ती जुन्या सायकलींच्याच पोटी. कॅलिफोर्नियातल्या टॅमल्पाइस डोंगराच्या आसपासच्या काही उनाड पोरांनी 1970 च्या दशकात श्विन कंपनीच्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरांच्या अवजड सायकली मिळवल्या आणि उतारावरून सोडल्या. 1976 साली शर्यतीही सुरू झाल्या. मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचे, म्हणून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. 1977 साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवा सांगाडा बांधला. 1981 साली स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजम्पर’ आली आणि मग हा प्रकार जगभर पसरला.

आपल्याकडे विलायती रॅले-हंबरच्या मागून 1951 साली सोनीपतची अॅटलस आली, 1956 साली लुधियान्याची हीरो. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 साली 3 जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. त्याच्या सायकली अजून धावताहेत.

त्या टिकल्या कशाने? पोलादाच्या नळ्या, पितळ वितळवून जोडलेल्या. तुटल्या तर गावातला वेल्डर सांधतो. छर्रे झिजले की मूठभर नवे घालायचे. नवीचा अॅल्युमिनियमचा सांगाडा हलका, गंजत नाही; पण तडकला की गावात इलाज नाही. पुढच्या झोके खाणाऱ्या फोर्कात चिखल शिरला की त्याची सीलेही बदलावी लागतात.

म्हणून जुनीच थोर म्हणावी, तर आमचा पाऊस आडवा येतो. ओल्या पोलादी रिमवर रबर घसरते आणि उतारावर जीव मुठीत धरावा लागतो. तिथे डिस्क ब्रेकच हवा. चढाचा हिशेबही सरळ आहे: जुन्या सायकलीत पायडलाच्या एका फेऱ्याला चाकाचे दोनांहून अधिक फेरे होतात. नवीत पुढे 32 दाते, मागे 50, म्हणजे पाऊण फेराही नाही! वेग जातो, पण पाय वाचतात.

शाळेतली मुले विचारतात, गुरुजी, कोणती घेऊ? मी सांगतो, पोलादी सांगाडा, साधा ताठ फोर्क, डिस्क ब्रेक आणि मोजके गिअर. अशा सायकली मिळतात. दुकानदार त्या आधी दाखवीत नाही, एवढेच.