उल्पान

इस्रायलमध्ये नव्याने वसण्यासाठी आलेल्या प्रौढांना हिब्रू भाषा थोड्या काळात शिकवणारी शाळा आणि त्या शाळेत रुजलेली अध्यापनपद्धती. शिक्षण या अर्थाच्या आरामाइक शब्दावरून हे नाव आले आहे. भाषा, लिपी आणि नव्या समाजातील दैनंदिन व्यवहार यांचे शिक्षण एकत्र देणे, ते देशात आल्याबरोबर सुरू करणे आणि शिकण्याच्या काळात निर्वाहाचीही काही तजवीज करणे, ही या संस्थेची प्रमुख वैशिष्ट्ये होत. स्थलांतरितांच्या भाषाशिक्षणाचा जगातील एक दीर्घकाळ चाललेला प्रयोग म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे. मात्र लिहिता-वाचता येणारा प्रौढ आणि कधीच शाळेत न गेलेला प्रौढ यांच्या गरजा किती वेगळ्या असतात, हेही याच प्रयोगाने स्पष्ट केले.

पार्श्वभूमी : मे १९४८ मध्ये इस्रायल राज्य स्थापन झाले, तेव्हा तेथील ज्यू लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती आणि १९५१ अखेरपर्यंत त्याहूनही अधिक लोक बाहेरून येऊन दाखल झाले. त्यांत युरोपातील नरसंहारातून वाचलेले लोक होते, तसेच इराक, येमेन, मोरोक्को, रूमानिया, इराण आणि भारत येथून आलेलेही होते. यिडिश, लादिनो, अरबी, फार्सी, रूमानियन, मराठी अशा भाषा बोलणाऱ्या या लोकांना जोडणारी हिब्रू ही शतकानुशतके मुख्यतः प्रार्थनेची आणि धर्माध्ययनाची भाषा राहिली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिला बोलीभाषा म्हणून पुन्हा घडवले गेले असले, तरी नवागतांपैकी फारच थोड्यांच्या घरात ती बोलली जात असे. त्यामुळे डॉक्टर, अभियंते, शिक्षक असे प्रशिक्षित लोकही भाषेअभावी बेकार राहू लागले. या गरजेतून १९४९ मध्ये जेरुसलेम येथे ‘उल्पान एत्झिओन’ ही पहिली निवासी शाळा सुरू झाली. पोलंडमध्ये जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ मोर्देखाय कामरात यांनी तिची उभारणी केली आणि पुढील शाळांचा साचाही तेथेच घडला.

अध्यापनपद्धती : आठवड्यातून पाच दिवस, दररोज पाच तास आणि सुमारे पाच महिने, म्हणजे एकूण जवळपास पाचशे तास, असा उल्पानचा रूढ अभ्यासक्रम असतो. ‘हिब्रूतून हिब्रू’ हे त्याचे मूलतत्त्व असून वर्गात निरनिराळ्या भाषांचे लोक एकत्र बसत असल्याने कोणा एकाच्या भाषेत भाषांतर करून शिकवणे व्यवहार्यही नसते. शिक्षक वस्तू, हावभाव, चित्रे आणि लहान संवाद यांच्या आधारे शिकवतो; पहिल्याच दिवसापासून विद्यार्थ्याला नाव सांगणे, पत्ता विचारणे, बसचे तिकीट काढणे, दवाखान्यात दुखणे सांगणे अशी उपयोगी वाक्ये बोलायला लावली जातात आणि व्याकरण त्या वाक्यांमागून येते. अभ्यासक्रमाच्या सहा पायऱ्यांना हिब्रू वर्णमालेतील पहिल्या सहा अक्षरांची, म्हणजे आलेफ ते वाव अशी नावे आहेत. भाषेबरोबरच सण, इतिहास, कायदे आणि कार्यालयीन कामकाज यांची ओळख करून दिली जाते.

लिपीचा प्रश्न : हिब्रू लिपीत बावीस अक्षरे असून ती उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. पाच अक्षरांची शब्दाच्या शेवटी येणारी रूपे वेगळी असतात आणि छापील अक्षरांहून हाताने लिहिण्याची अक्षरे पुष्कळच निराळी असतात. खरी अडचण स्वरांची असते, कारण स्वर दाखवण्यासाठी अक्षरांच्या खाली-वर द्यायची टिंबे व रेघा, म्हणजे ‘निकूद’, ही खुणांची पद्धत उपलब्ध असली, तरी वृत्तपत्रे, पाट्या, अर्ज आणि पत्रे यांत ती सहसा वापरली जात नाही. स, फ आणि र या तीन व्यंजनांची अक्षरे ओळीने आली, तर तो शब्द ‘सेफेर’ म्हणजे पुस्तक, ‘सापार’ म्हणजे न्हावी किंवा ‘साफार’ म्हणजे त्याने मोजले, यांपैकी कोणताही असू शकतो आणि संदर्भ कळल्याशिवाय तो वाचता येत नाही. वाचण्यासाठी आधी भाषा यावी लागते आणि भाषा वाढण्यासाठी वाचन व्हावे लागते, असा हा पेच आहे. तो सोडवण्यासाठी प्रारंभिक वाचनसाहित्य निकूदसह छापले जाते आणि वाक्ये क्रमाक्रमाने अवघड केली जातात. १९५१ मध्ये निघालेले ‘ओमेर’ हे निकूदयुक्त सोप्या हिब्रूतील दैनिक आणि त्यानंतरचे ‘शाआर लामत्खिल’ हे पत्र याच हेतूने चालवले गेले. आकाशवाणीवर सोप्या हिब्रूत सावकाश वाचलेल्या बातम्याही प्रसारित होत असत. वर्गाबाहेर पडल्यावर शिकलेले विसरू नये, यासाठी या साधनांचे मोल फार होते.

निरक्षर प्रौढांचे शिक्षण : उल्पानची पाचशे तासांची आखणी मुळात शिकलेल्या माणसाला समोर ठेवून झाली होती. ज्याला एक लिपी येते, त्याला दुसरी लिपी म्हणजे नव्या खुणांचा संच असतो. परंतु ज्याला एकही लिपी येत नाही, त्याला बोललेला शब्द ध्वनींमध्ये फोडता येतो आणि त्या ध्वनींना खुणा असतात, ही कल्पनाच प्रथम आत्मसात करावी लागते आणि तीही परक्या भाषेत. येमेन, मोरोक्को, कुर्दिस्तान अशा भागांतून आलेल्या अनेक प्रौढांची, विशेषतः स्त्रियांची, स्थिती अशी होती. त्यांतील पुष्कळांना ‘माआबारा’ नावाच्या तात्पुरत्या छावण्यांत राहावे लागले आणि निवासी उल्पान त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचले. पुढे त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग निघाले आणि १९६० च्या दशकात निरक्षरता निर्मूलनाच्या मोहिमेत सैन्यसेवा बजावणाऱ्या तरुणी शिक्षिका म्हणून वस्त्यांमध्ये पाठवण्यात आल्या. मुलाबाळांच्या जबाबदारीमुळे शाळेत येऊ न शकणाऱ्या गृहिणींना त्या घरी जाऊन शिकवत. १९८४-८५ आणि १९९१ मध्ये इथिओपियातून हजारो लोकांना विमानाने आणले गेले, तेव्हाही हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यांच्यासाठी अभ्यासक्रमाचा काळ वाढवावा लागला आणि अक्षरओळखीला त्यात स्वतंत्र स्थान द्यावे लागले.

बेने इस्रायल समाजाचा अनुभव : कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल समाजाची घरची भाषा मराठी. १९४८ नंतर या समाजातील हजारो कुटुंबे इस्रायलमध्ये गेली आणि दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद अशा शहरांत वसली. हिब्रू त्यांना सर्वस्वी अपरिचित नव्हती. पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह सचित्र ‘हग्गादा’, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली होती आणि हायम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत १८७५ मध्ये निघालेल्या शाळेत हिब्रूही शिकवली जात असे. तथापि प्रार्थनापुस्तकातील स्वरखुणांसह छापलेला मजकूर वाचता येणे वेगळे आणि त्या खुणांशिवाय आलेली नगरपालिकेची नोटीस समजणे वेगळे. मराठी भाषकाला एक गोष्ट मात्र जवळची वाटते : मराठीत ‘तो जातो, ती जाते’ असे लिंगानुसार क्रियापद बदलते, तसेच हिब्रूतही ‘हू होलेख, ही होलेखेत’ असे बदलते. हिब्रू अंगवळणी पडल्यानंतरही या समाजाने मराठी सोडली नाही. तेथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आले आहे.

प्रकार व व्यवस्था : निवासी उल्पानाखेरीज शहरांत दिवसा किंवा संध्याकाळी भरणारे वर्ग असतात. किबुत्स, म्हणजे सामुदायिक मालकीची शेतीवस्ती, येथील उल्पानमध्ये विद्यार्थी अर्धा दिवस काम करतो, अर्धा दिवस शिकतो आणि त्याची राहण्या-जेवण्याची सोय वस्तीकडून होते. डॉक्टर, परिचारिका इत्यादींसाठी व्यवसायातील परिभाषा शिकवणारे खास वर्गही आहेत. १९६८ मध्ये स्थलांतरितांच्या सामावणुकीसाठी स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि निवास व भाषावर्ग एकाच आवारात देणारी केंद्रे वाढली. १९८९ नंतर सोव्हिएत संघातून आलेल्या मोठ्या लोंढ्याच्या वेळी शासनाने कुटुंबांना थेट आर्थिक साहाय्य देऊन घर स्वतः शोधण्याची मुभा दिली. शुलामित कात्झनेल्सन यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेले नेतान्या येथील ‘उल्पान अकिवा’ हे वेगळे ठरले, कारण तेथे हिब्रूबरोबर अरबीही शिकवली जाई आणि ज्यू व अरब एकत्र शिकत. या कार्यासाठी कात्झनेल्सन यांना १९८६ मध्ये इस्रायल पुरस्कार मिळाला.

मर्यादा : उल्पानने हिब्रू दिली, पण नवागतांच्या मूळ भाषांना वर्गात जागा दिली नाही, अशी टीका होत आली आहे आणि ती रास्त आहे, कारण यिडिश, अरबी यांसारख्या भाषा मागासलेपणाच्या खुणा मानल्या गेल्या आणि पुढच्या पिढीत त्या क्षीण झाल्या. पाच महिन्यांत बोलता येते, परंतु वृत्तपत्र वाचण्याइतकी किंवा कचेरीत पत्र लिहिण्याइतकी भाषा अनेकांना येत नाही. शिवाय मोफत उल्पानचा हक्क ज्यूंना व त्यांच्या कुटुंबीयांना स्थलांतराचा अधिकार देणाऱ्या १९५० च्या कायद्याशी जोडलेला असल्याने, परदेशी कामगार आणि आश्रय मागणारे लोक त्यात येत नाहीत. वृद्धांच्या सेवेसाठी भारतातून जाणारे परिचारकही याच वर्गात मोडतात.

प्रसार व मूल्यमापन : वेल्समध्ये १९७० च्या दशकात वेल्श भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी ‘उल्पान’ (Wlpan) याच नावाचे सघन वर्ग सुरू झाले, म्हणजे स्थलांतरितांसाठी घडलेली पद्धत स्वतःच्याच भूमीत मागे पडलेल्या भाषेच्याही कामी आली. भाषा ही नवागताने स्वतःच्या सवडीने शिकावयाची गोष्ट नसून त्यासाठी वेळ, शिक्षक आणि पोटापाण्याची सोय पुरवणे हे त्याला बोलावणाऱ्या समाजाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व उल्पानने आरंभापासून मानले, ही या संस्थेची सर्वांत मोलाची देणगी होय. हे कर्तव्य शिकलेल्यांच्या बाबतीत लवकर पाळले गेले आणि निरक्षरांच्या बाबतीत उशिरा; म्हणूनच स्थलांतरितांसाठी शिक्षणव्यवस्था आखणाऱ्या कोणत्याही देशाने आपली पहिली इयत्ता अक्षरशत्रू प्रौढाला समोर ठेवून आखली पाहिजे, हा या दीर्घ प्रयोगाचा निष्कर्ष ठरतो.