फुकट नकाशा आणि मुक्त नकाशा

नकाशा ही आपण फार निरुपद्रवी वस्तू समजतो. शाळेच्या भिंतीवरचा असो की परगावी निघताना फोनवर उघडलेला असो, त्याने वाट दाखविली म्हणजे त्याचे काम झाले, असे आपण मानतो. त्याचा मालक कोण, तो कोणाच्या श्रमाने तयार झाला, उद्या तो मिळेनासा झाला तर दाद कोणाकडे मागावयाची, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत नेमक्या याच प्रश्नांवरून जगात एक विलक्षण स्पर्धा झाली, आणि ती अद्याप संपलेली नाही. एका बाजूला अब्जावधी डॉलरांच्या कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला आपल्या सवडीने, छदामही न घेता गल्लीबोळ टिपून घेणारे स्वयंसेवक, असे तिचे स्वरूप आहे. या स्पर्धेत कोण जिंकले एवढे सांगून विषय संपत नाही. तीत काय पणाला लागले होते हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

नकाशा हे प्रथम राजाचे गुपित होते. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचल्यानंतर नव्या सागरी मार्गांची माहिती पोर्तुगालच्या दरबाराने कडीकुलपात ठेवली. ती मिळविण्यासाठी इटलीतील फेराराच्या ड्यूकचा हस्तक आल्बेर्तो कांतिनो याने लिस्बनमध्ये गुपचूप एक नकाशा काढवून घेतला आणि १५०२ साली तो इटलीस पोहोचविला. त्यापायी सोन्याची बारा नाणी मोजावी लागली. हिंदुस्थानचा किनारा दाखविणारा तो नकाशा आजही मोडेना येथील ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. ज्याच्या हाती नकाशा त्याच्या हाती मिऱ्यांचा व्यापार, असा तो सरळ हिशेब होता.

पुढे नकाशा सैन्याच्या हाती गेला. १७४५ च्या बंडानंतर स्कॉटलंडचा डोंगराळ मुलूख काबूत ठेवण्यासाठी विल्यम रॉय याने तेथील मोजणी केली. आणि फ्रेंचांच्या स्वारीची धास्ती असताना, १७९१ साली, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश मोजणीखात्याचा पाया घातला गेला. ऑर्डनन्स म्हणजे तोफा आणि दारूगोळा यांचे खाते. तेव्हा जन्मकथा नावातच आली. आपल्याकडील सर्व्हे ऑफ इंडिया तर त्याहूनही जुनी, १७६७ ची, आणि तीही ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलूखगिरीचेच अपत्य. ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे कालांतराने सामान्य माणसाला विकत मिळू लागले आणि त्यांच्या अचूकपणाची कीर्ती जगभर झाली. मात्र त्यांवर सरकारचा स्वामित्वहक्क होता, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस या खात्याने आपला खर्च आपल्या विक्रीतूनच भागवावा, असे धोरण ठरले. तेव्हा नकाशा हा विक्रीचा माल झाला. त्याची राखण किती कडक होती याचे एक उदाहरण सांगतो. ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारमालकांच्या नामांकित संस्थेने या नकाशांवरून आपले नकाशे उतरविले, असा आरोप आला. ऑर्डनन्स सर्व्हेने नकाशांत बारीकसारीक खुणा मुद्दाम ठेवल्या होत्या; त्या दुसऱ्याच्या नकाशात जशाच्या तशा सापडल्या आणि चोरी उघडी पडली. २००१ साली हे प्रकरण २ कोटी पौंड देऊन मिटवावे लागले.

आता ब्रिटिश नागरिकाच्या दृष्टीने याचा विचार करा. ज्याच्या करातून पिढ्यान्‌पिढ्या मोजणी झाली, त्यालाच आपल्या गावच्या रस्त्यांची माहिती वापरावयाची झाल्यास पुन्हा दाम मोजावे लागत होते. या परिस्थितीला २००४ साली लंडनमधील स्टीव्ह कोस्ट या विद्यार्थ्याने एक धाडसी उत्तर दिले. आपण नवा नकाशाच काढू, सर्वांनी मिळून काढू, आणि तो कोणालाही वापरता येईल असा ठेवू. या उपक्रमाला ओपनस्ट्रीटमॅप असे नाव मिळाले. असंख्य हातांनी लिहिलेला विकिपीडिया हा ज्ञानकोश २००१ पासून डोळ्यांसमोर होता. शिवाय उपग्रहांकडून आपले स्थान कळविणाऱ्या अमेरिकन यंत्रणेत नागरी वापरासाठी हेतुपुरस्सर ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली होती. त्यापूर्वी शंभर मीटरपर्यंत चुकणारे हातातले यंत्र आता दहावीस मीटरांच्या आत स्थान सांगू लागले. आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हे जवळजवळ ठरवता येईल, इतकी ही प्रगती होती.

या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. दुसऱ्या कोणत्याही नकाशावरून एक रेघही उतरावयाची नाही, हा पहिला नियम. कारण तसे केले तर ऑटोमोबाइल असोसिएशनची गत व्हावयाची. म्हणून स्वयंसेवकाने पायी किंवा सायकलवर रस्त्याने जावयाचे, खिशातले यंत्र त्याचा माग टिपणार. वाटेत दिसणारी पाटी, पूल, टपालपेटी वहीत लिहून घ्यावयाची. आणि घरी येऊन ते सारे संगणकावर चढवावयाचे. मे २००६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेस असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावर तीसचाळीस माणसे शनिवार-रविवार गाठून जमली आणि त्यांनी बेटाचे बहुतेक रस्ते पालथे घातले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात याहू कंपनीने आपली आकाशातून घेतलेली छायाचित्रे गिरविण्यास परवानगी दिली. तेव्हापासून दूरच्या देशातील रस्ताही घरबसल्या काढता येऊ लागला. २००७ मध्ये एएनडी या डच कंपनीने नेदरलँड्सच्या रस्त्यांची आणि भारत व चीन यांच्या मुख्य रस्त्यांची माहिती देणगी म्हणून दिली. आपल्या देशाचा या नकाशातील आरंभीचा सांगाडा काही अंशी अशा दानातून उभा राहिला.

याच सुमारास दुसऱ्या बाजूलाही मोठी हालचाल चालली होती. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स अवतरले. एकेकाळी नकाशा विकत घ्यावा लागे. तो आता पैसा न देता पाहावयास मिळू लागला, आणि तोही हवा तसा सरकविता येणारा. त्यामागची माहिती मात्र आरंभी टेली ॲटलास, नॅव्हटेक अशा कंपन्यांकडून घेतलेली होती. या माहितीला किती भाव आला पाहा: २००८ साली टॉमटॉमने टेली ॲटलास २९० कोटी युरोंना घेतली आणि त्याच वर्षी नोकियाने नॅव्हटेकसाठी ८१० कोटी डॉलर मोजले. गूगलने यावर आपला मार्ग काढला. आपल्या मोटारी रस्तोरस्ती फिरवून त्याने स्वतःची माहिती जमविली आणि २००९ साली अमेरिकेपुरता टेली ॲटलासचा आधार सोडून दिला.

येथे कोणीही विचारील, की गूगलचा नकाशा जर फुकट मिळतो, तर स्वयंसेवकांनी एवढा खटाटोप कशासाठी करावयाचा? या सर्व इतिहासाचे मर्म याच प्रश्नात आहे. फुकट आणि मुक्त हे दोन निराळे शब्द आहेत. अन्नछत्रात जेवण फुकट मिळते. परंतु कोठार, चूल आणि पंगतीची वेळ ही छत्र चालविणाऱ्याची असतात. तेथे जेवून वर मिरपूड मागू नये, असे आपली म्हणच सांगते. कंपनीचा नकाशा म्हणजे असे वाढलेले ताट. त्यातले चित्र पाहता येते, पण त्यामागची माहिती उचलून आपल्या कामासाठी निराळा नकाशा करण्याची मुभा नसते. ओपनस्ट्रीटमॅप चित्राबरोबर कोठाराची किल्लीही देतो. अट एवढीच, की श्रेय नमूद करावे आणि त्या माहितीत भर घालून ती पुढे दिली, तर तीही याच अटीवर मुक्त ठेवावी. हा भेद शाब्दिक नाही, याची प्रचीती तीन प्रसंगी आली.

पहिला प्रसंग हैतीचा. १२ जानेवारी २०१० रोजी पोर्टोप्रिन्स ही राजधानी भूकंपाने उद्ध्वस्त झाली. त्या शहराचा उपयोगी पडेल असा तपशीलवार नकाशा जवळजवळ नव्हताच. कारण जेथे गिऱ्हाईक नाही तेथे नकाशाचा व्यापारी कशाला जाईल? उपग्रह-कंपन्यांनी ताजी छायाचित्रे खुली केली आणि जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी त्यांवरून काही दिवसांतच रस्ते, पडलेल्या इमारती, निर्वासितांच्या छावण्या नकाशावर आणल्या. मदतपथकांनी तो नकाशा आपल्या यंत्रांत उतरवून घेतला. त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही, आणि अशा वेळी परवानगीचे दोन दिवस म्हणजे काय, हे सांगावयास नको.

दुसरा प्रसंग २०१२ चा. गूगलचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर वापरणाऱ्यांपैकी ज्यांची वर्दळ मोठी आहे त्यांना दाम द्यावे लागेल, असे २०११ च्या अखेरीस जाहीर झाले. फोरस्क्वेअरसारख्या कंपन्या तत्काळ ओपनस्ट्रीटमॅपकडे वळल्या. त्याच वर्षाच्या जूनमध्ये गूगलने हजार वेळा नकाशा दाखविण्याचा दर चार डॉलरवरून अर्ध्या डॉलरवर आणला. स्पर्धक जागा असला म्हणजे व्यापारी कसा नमतो, याचा हा नमुना. पण २०१८ साली तोच दर सात डॉलरपर्यंत चढला आणि फुकट वापराची मर्यादा कितीतरी खाली आली. दर ठरविणे हा मालकाचा हक्कच आहे; त्याबद्दल रागावण्यात अर्थ नाही. तो हक्क एकाच्याच हाती असावा काय, एवढाच विचार करावयाचा.

तिसरा प्रसंग आपल्या देशाशी निगडित आहे. २००८ साली गूगलने मॅप मेकर नावाची सोय काढली. तिची कल्पना गूगलच्या बंगळूरमधील अभियंत्यांची. ज्या देशांचे चांगले नकाशे मिळत नव्हते तेथील लोकांनी आपापले गाव स्वतः भरावे, अशी ती योजना होती, आणि भारतातील पुष्कळांनी हौसेने रस्ते, शाळा, देवळे त्यात भरली. श्रम लोकांचे होते. मात्र त्यातून झालेल्या नकाशाचे काय करावयाचे हे कंपनी ठरवीत होती. २०१५ मध्ये कोणा खोडकराने पाकिस्तानच्या नकाशावर विद्रूप चित्र काढून ठेवल्यावर ही सोय काही महिने थांबविण्यात आली, आणि मार्च २०१७ अखेर ती कायमची बंद झाली. भरलेली माहिती कंपनीच्या नकाशात राहिली. मात्र ती भरणाऱ्यांना ती उचलून दुसरीकडे नेण्याचा मार्ग नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप चालविणारी संस्था उद्या बुडाली, तरी तिच्या माहितीची संपूर्ण प्रत कोणीही आजच आपल्याजवळ ठेवू शकतो. इरजिकीने नांगरलेले शेत आणि वेठीने नांगरलेले शेत दिसावयास सारखेच असते. पीक कोणाच्या घरी जाते, यावरून त्यांतला फरक कळतो.

परंतु दुसरी बाजू न सांगणे हा अन्याय होईल. रस्त्यावर या क्षणी किती गर्दी आहे, दुकान उघडे आहे की बंद, हे सांगण्यात कंपनीचा नकाशा पुढे आहे. कारण कोट्यवधी फोनांकडून त्याला क्षणोक्षणी खबर मिळते. स्वयंसेवकांचा नकाशा जर्मनीत झाडांच्या आणि बाकड्यांच्याही नोंदी दाखवितो, तर कित्येक गरीब प्रदेशांत त्यात गावाचे नावही नसते. जेथे सवड, यंत्रे आणि सुशिक्षित हौशी माणसे आहेत तेथे तो भरगच्च, आणि जेथे ती नाहीत तेथे विरळ. म्हणजे कंपनी पैशाच्या मागे जाते, तर स्वयंसेवक सवडीच्या मागे. आणि दोघांच्याही वाटेबाहेर राहणारी वस्ती एकच असते. नैरोबीतील किबेरा ही अफाट झोपडवस्ती अशीच नकाशावर कोरी होती. २००९ च्या अखेरीस तेथील तरुणांनी यंत्रे हाती घेऊन पाणवठे, दवाखाने, शाळा स्वतः टिपल्या, तेव्हा ती दिसू लागली.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. स्पर्धा करता करता दोन्ही पक्ष एकमेकांत मिसळू लागले. ऑर्डनन्स सर्व्हेने एप्रिल २०१० मध्ये आपल्या माहितीचा बराच भाग विनामूल्य खुला केला. त्यामागे नागरिकांची चळवळ होती. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने स्टीव्ह कोस्ट यांना नोकरीस घेतले आणि आपली छायाचित्रे स्वयंसेवकांना गिरविण्यास दिली. डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन स्थापन केले. त्यांच्या माहितीचा मोठा भाग ओपनस्ट्रीटमॅपमधून येतो. ज्या टॉमटॉमने एकेकाळी २९० कोटी युरो मोजून नकाशा विकत घेतला, त्यालाच स्वयंसेवकांच्या कोठाराकडे यावे लागले, हा काळाचा महिमा. पण यात समाधानाइतकीच काळजीही आहे. आज कंपन्यांचे पगारी नोकर या मुक्त नकाशात मोठ्या प्रमाणावर भर घालीत आहेत. कामाची दिशा जर पगार देणाऱ्याच्या गरजेने ठरू लागली, तर नियम मुक्त राहूनही नकाशा हळूहळू गिऱ्हाइकांच्या रस्त्यांचाच होईल. शेजाऱ्याच्या गल्लीसाठी रविवार घालविणारा माणूस त्यात किती काळ टिकेल, हे पाहावयाचे आहे.

आपल्या देशात नकाशावर सरकारी पहारा दीर्घकाळ होता. २००५ च्या धोरणाने लष्करी आणि खुले असे नकाशांचे दोन वर्ग केले; २०१३ मध्ये गूगलने भारतात नकाशे भरण्याची स्पर्धा घेतली तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाने पोलिसांकडे तक्रार केली. फेब्रुवारी २०२१ च्या नव्या नियमांनी भारतीयांना मोजणी आणि नकाशे करण्याची बरीच मोकळीक दिली आहे. तेव्हा आता हा प्रश्न परदेशातील राहिलेला नाही. आपल्या शहरातील बोळांची जुनी नावे, पेठांच्या सीमा, बुजलेले ओढे, वस्तीतील नळाच्या जागा ही माहिती येथील माणसांजवळ आहे. ती कोणाला द्यावयाची, आणि कोणत्या अटीवर, हे आपण ठरविले नाही तर दुसरा कोणीतरी ठरवील. कंपनीचा नकाशा अवश्य वापरावा. तो उपयोगी आहे आणि त्यात कमीपणा नाही. परंतु ज्यावर सर्वांचा हक्क राहील असा एक नकाशा समाजाजवळ असावा, आणि त्यासाठी वर्षातून चार दिवस तरी आपले पाय झिजवावे, एवढे कर्तव्य प्रत्येक नगरवासीयाने मानावयास हरकत नाही.