सिंटिग्राफी: बोन स्कॅन, थायरॉइड स्कॅन, किडनी स्कॅन कशासाठी करतात?

चिठ्ठीवर 'बोन स्कॅन', 'थायरॉइड स्कॅन' किंवा 'डीटीपीए स्कॅन' लिहिलेले असले आणि हे तपासणीचे काम न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होते असे कळले, की घरचे घाबरतात. "किरणोत्सारी इंजेक्शन देणार म्हणे, कॅन्सर तर नाही ना?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. या सगळ्या तपासण्या सिंटिग्राफी या एकाच प्रकारात मोडतात, आणि त्यांपैकी अनेकींचा कॅन्सरशी काहीही संबंध नसतो.

एक्स-रे, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये अवयव कसा दिसतो ते कळते. सिंटिग्राफीत तो काम कसे करतो ते कळते. विशिष्ट अवयवाकडेच जाणारे औषध किरणोत्सारी पदार्थाला जोडून शिरेतून देतात. त्यातून बाहेर पडणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो. कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही. बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम वापरतात. त्याची किरणोत्सारिता दर ६ तासांनी निम्मी होते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत फारच थोडी उरते. म्हणूनच डोस तुमच्या वेळेनुसार तयार केलेला असतो. उशिरा पोहोचलात तर तो वाया जाऊ शकतो.

थायरॉइड

रक्तात टीएसएच कमी आणि थायरॉइडचे हार्मोन जास्त आले की लगेच गोळ्या सुरू करण्याचा मोह होतो. पण हार्मोन दोन कारणांनी वाढते. ग्रेव्ह्ज आजारात ग्रंथी खरोखरच जास्त हार्मोन बनवते, तेव्हा स्कॅनमध्ये ती ठळक दिसते. थायरॉइडायटिसमध्ये सुजलेल्या ग्रंथीतला आधीचा साठा नुसता बाहेर सांडत असतो. तिथे ग्रंथी जवळजवळ दिसतच नाही. दुसऱ्या प्रकारात हार्मोन बनणे थांबवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नाही, आणि तो आजार बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. लक्षणे सारखीच, उपचार मात्र वेगळे. माझ्या मते या स्कॅनचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

रिपोर्टमध्ये 'कोल्ड नोड्यूल' हा शब्द दिसला तर घाबरू नका. ती गाठ औषध घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने तपासणी करून खात्री करतात.

हाडे

हाडात जिथे नवी घडण चालू असते तिथे औषध जास्त जमते. त्यामुळे एक्स-रेत न दिसणारे बारीक फ्रॅक्चर किंवा स्तन आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचा हाडांतला फैलाव लवकर कळू शकतो. पण जुना मार, झिजलेला गुडघा, मणक्यातला संधिवात, अगदी दात काढल्याची जागासुद्धा ठळक उठते. रिपोर्ट हातात पडताच 'हॉट स्पॉट' मोजत बसू नका. कधी पडला होतात, कुठे ऑपरेशन झाले, हे आधीच सांगा आणि जुने एक्स-रे सोबत न्या. उलट, मल्टिपल मायलोमा हा कॅन्सर बोन स्कॅनमध्ये अनेकदा सुटतो. तिथे वेगळी तपासणी लागते.

किडनी

बाळाच्या सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसली की आईवडील थेट ऑपरेशनचाच विचार करू लागतात. डीटीपीए किंवा ईसी स्कॅनमध्ये प्रत्येक किडनी एकूण कामापैकी किती वाटा उचलते आणि लघवी खरोखर अडते का, हे दिसते. लघवी वाढवणारे इंजेक्शन दिल्यावर औषध वाहून गेले, तर अनेकदा नुसते लक्ष ठेवूनही चालते. वारंवार लघवीचा संसर्ग झालेल्या मुलांमध्ये किडनीवर व्रण राहिले आहेत का, हे डीएमएसए स्कॅन दाखवतो.

इतर अवयव

'स्ट्रेस थॅलियम'मध्ये श्रमाच्या वेळी हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पडते ते दिसते. नाव थॅलियमचे राहिले आहे, पण आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियमच वापरतात. फुप्फुसात रक्ताची गुठळी असल्याचा संशय आहे, पण किडनीच्या त्रासामुळे सीटीचे कॉन्ट्रास्ट देता येत नाही, अशा वेळी व्हीक्यू स्कॅन कामी येतो. पित्ताशयाची अचानक आलेली सूज आणि नवजात बाळाची न ओसरणारी कावीळ यांसाठी हायडा स्कॅन करतात.

जाण्यापूर्वी आणि नंतर

बोन स्कॅनच्या एका तपासणीत सुमारे ४ ते ५ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो, म्हणजे हा साधारण दोन वर्षांइतका झाला. अकारण घेऊ नये, पण गरज असताना भीतीने टाळूही नये. ॲलर्जी क्वचितच होते.

बोन स्कॅनसाठी सहसा उपाशी राहावे लागत नाही. इंजेक्शननंतर दोन-तीन तास थांबावे लागते. हायडासाठी मात्र किमान चार तास पोट रिकामे लागते. हृदयाच्या स्कॅनआधी चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात. गेल्या काही आठवड्यांत कॉन्ट्रास्टचा सीटी झाला असेल किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइड स्कॅन चुकीचा येऊ शकतो. मनाने गोळ्या बंद करू नका, विभागाला विचारा.

तपासणीनंतर भरपूर पाणी प्या, वरचेवर लघवीला जा, फ्लश करून हात धुवा. त्या दिवशी लहान बाळाला फार वेळ मांडीवर घेऊ नका आणि गरोदर स्त्रीच्या अगदी जवळ बसू नका. पाळी चुकली असेल, दिवस गेल्याची शंका असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर ते इंजेक्शन घेण्याआधी सांगा. कोणता स्कॅन आहे त्यावर दूध किती वेळ थांबवायचे, किंवा थांबवायचे की नाही, हे ठरते.