वरवट बकालचे खारे पाणी, नर्मदेचे शार्क आणि विदर्भाचा विसरलेला शिकारी

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याचा पायथा आणि पूर्णा नदी यांच्यामधल्या काळ्या सपाटीवर वरवट बकाल वसले आहे. या भागात विहीर खणली तर पाणी लागते. पण अनेक ठिकाणी ते तोंडात धरवत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने गेलेल्या या प्रदेशाला लोक खारपाणपट्टा म्हणतात. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या जमिनीत मीठ आले कुठून, या प्रश्नाला एक सोपे उत्तर तयार असते: पूर्वी येथे समुद्र होता. समुद्र म्हटला की त्यात शार्कही आलेच.

हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. मध्य भारतात समुद्र शिरला होता आणि त्यात शार्क होते, हे दोन्ही खरे आहे. मात्र तो समुद्र वरवट बकालच्या विहिरीत उरलेला नाही, आणि विदर्भाच्या खडकांनी जपून ठेवलेला मोठा शिकारी मासा शार्क नव्हता.

प्रथम मिठाविषयी. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा परिसरात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून एके काळी मीठ काढले जात असे. एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडच्या गॅझेटियरांत या विहिरींची नोंद आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्यांच्या अमलात हा उद्योग बंद पडला. मिठावरचा कर सरकारला हवा होता. रानोमाळ विहिरींवर तयार होणाऱ्या मिठावर पहारा ठेवणे त्याला परवडणारे नव्हते.

या मिठाचे कारण भूशास्त्रज्ञ प्रामुख्याने पूर्णेच्या खोऱ्याच्या घडणीत शोधतात. सातपुड्याच्या कडेने जमीन खचली आणि त्या खोलगट भागात नदीने शेकडो मीटर जाडीचा गाळ आणून टाकला. हा गाळ चिकण आहे, त्यातून पाण्याचा निचरा फार सावकाश होतो. पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक. पाणी वाफ होऊन उडते, त्यातले क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालले. खाऱ्या पाण्यासाठी समुद्र लागतोच असे नाही, याचा पुरावा याच जिल्ह्यात लोणारला आहे. बेसाल्टच्या खडकात उल्कापाताने पडलेल्या त्या विवरात समुद्राचा थेंबही कधी आला नाही, तरी त्याचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’ने तेथील क्षारांची काच आणि साबणासाठी उपयुक्त म्हणून दखल घेतली होती.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या आजारांच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत आणि पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवले जात आहे. वाण धरणाचे गोडे पाणी या दोन तालुक्यांतील गावांना देणारी १४० गावांची योजना त्यातूनच पुढे आली. हे मीठ प्राचीन समुद्राचा वारसा मानले, तर ते नशिबाचा भाग ठरते. ते निचरा आणि बाष्पीभवन यांचा परिणाम असेल, तर त्यावर माणसाला काही करता येते.

मग शार्क कुठे होते? त्यासाठी सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात जावे लागते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ नावाचे गाव आहे. बौद्ध लेण्यांमुळे ते इतिहासप्रेमींना ठाऊक असते. त्याच परिसरातील चुनखडी आणि वालुकाश्म सुमारे नऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राने टाकलेले आहेत. पश्चिमेकडून नर्मदेच्या खोलगट पट्ट्यात समुद्राचा एक हात आत शिरला होता. त्या थरांत शिंपले, समुद्री साळिंदर आणि शार्कचे दात सापडतात.

दातच का? शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. मेल्यावर तो सहसा विरून जातो. दात मात्र कठीण असतात आणि एकाच शार्कच्या जबड्यातून आयुष्यभरात हजारो दात पडतात, त्यांच्या जागी नवे येतात. जगभरातल्या शार्कचा प्राचीन इतिहास बव्हंशी अशा पडलेल्या दातांवरून लिहिला गेला आहे. कोकणातल्या बाजारात मुशी किंवा मोरी निवडताना तिचा लवचीक काटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नर्मदेचा तो समुद्र ओसरला. त्यानंतर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्ह्याचे पूर आले आणि आज ज्याला दख्खनचे पठार म्हणतात ते थरावर थर रचले गेले. लाव्हा येण्याआधी, आणि दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळातही, विदर्भात तळी होती. त्या तळ्यांचा शोध लागण्याची कथा नागपुरात सुरू होते.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. भोसल्यांचे राज्य अजून खालसा व्हायचे होते. त्याने शाळा काढली, गोंडांच्या कथा आणि भाषा टिपल्या आणि सवड मिळेल तेव्हा हातोडा घेऊन टेकड्या पालथ्या घातल्या. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह त्याने नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळ तपासला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायी, बिया, फळे आणि लाकूड यांचे जीवाश्म होते. १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाचे नाव आज नागपुरात एका महाविद्यालयामुळे आणि भूशास्त्रात या गोगलगायींमुळे टिकून आहे, हा इतिहासाचा गमतीदार न्याय म्हणावा लागेल.

हिस्लॉपचा अंतही या मातीतच झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या नाल्यात तो बुडाला. वय ४५. त्याचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले, म्हणून ते वाचले.

आता खुद्द शिकारी माशाकडे. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगाव आहे. तेथे लाव्ह्याच्या खाली असलेल्या लॅमेटा नावाच्या थरांत माशांचे जीवाश्म मिळाले. १९०८ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे जीवाश्म-मत्स्यतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी त्यांचे वर्णन केले. (हेच वुडवर्ड पुढे १९१२ मध्ये पिल्टडाउनच्या बनावट कवटीला फसले, माशांच्या बाबतीत मात्र त्यांची नजर पक्की होती.) एका माशाला त्यांनी हिस्लॉपचे नाव दिले: इओसेरानस हिस्लॉपी. दुसऱ्याचे नाव ठेवले लेपिडोस्टियस इंडिकस. हा गार कुळातला मासा.

गार म्हणजे लांब चोचीसारखा जबडा, त्यात सुयांसारखे दात आणि अंगावर चिलखत. त्याचे खवले इतर माशांसारखे पातळ नसतात. ते जाड, शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात आणि त्यांच्यावर दातांच्या लुकणासारखा चकचकीत थर असतो. म्हणूनच ते दगडात उत्तम टिकतात. पाण्यात प्राणवायू कमी झाला तर हा मासा वर येऊन हवा घेतो. उथळ, तापलेल्या तळ्यात जगण्यासाठी ही मोठी सोय आहे. पाण्यात ओंडक्यासारखा निश्चल राहायचा आणि भक्ष्य टप्प्यात आले की मान वळवून झडप घालायची, ही त्याची रीत. डायनोसॉर ज्या तळ्यांच्या काठी पाणी पीत असत, त्या तळ्यांत असा मासा दबा धरून असे. डोंगरगावजवळचेच पिसदुरा हे गाव डायनोसॉरच्या जीवाश्म विष्ठेसाठी जगप्रसिद्ध आहे.

चित्र इतके सरळ मात्र नाही. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, तेलंगणातील आसिफाबादजवळ, लाव्ह्याच्या मधल्या थरांत पाकटाचे दात सापडले आहेत. पाकट म्हणजे शार्कचा चपटा भाऊबंद. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे समुद्री सूक्ष्मजीवांचे कवच मिळाल्याचे २००९ मध्ये संशोधकांनी मांडले. लाव्ह्याच्या काळातही समुद्राचे पाणी अधूनमधून बरेच आत येत असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि त्यावर वाद आहे. पण हा वाद कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकांचा. वरवट बकालचा गाळ त्या मानाने कालचा.

नावांनी फसण्याची परंपरा पाण्यात जुनीच आहे. नदीतल्या शिवडा या मिशाळ माशाला इंग्रजीत ‘गोड्या पाण्यातला शार्क’ म्हणतात; तो शिकारी आहे, शार्क नाही. घरच्या काचेच्या टाकीसाठी ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे मासे तपासले तर बाला शार्क आणि लाल शेपटीचा शार्क हे रोहू-कटल्याच्या गणातले निघतात, आणि रुपेरी अंगाचा तिसरा असतो पंगस. तळहाताएवढा आणलेला पंगस योग्य पाण्यात मीटरभर वाढतो. खरे छोटे शार्क, जसे बांबू शार्क, खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीत पाळले जातात. त्यांना समुद्राइतकी, म्हणजे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारता लागते. खारपाणपट्ट्याचे पाणी माणसाला असह्य असले, तरी समुद्राच्या पुढे ते बहुधा फिकेच.

आणि गार? त्याच्या जिवंत जाती आज जगात सातच असून त्या उत्तर व मध्य अमेरिका आणि क्युबा येथेच नैसर्गिकरीत्या आढळतात. त्यांपैकी सर्वांत मोठा अ‍ॅलिगेटर गार शोभेच्या माशांच्या व्यापारातून भारतात आला. अमेरिकेत २०११ मध्ये पकडलेल्या एका गारचे वजन १४८ किलो भरले होते. टाकीत मावेनासा झाला की मालक त्याला तळ्यात सोडतो. २०१८ च्या महापुरानंतर तो केरळच्या पाण्यात दिसला, २०२३ मध्ये भोपाळच्या आणि श्रीनगरच्या दल तलावात. त्याच्या अंगावर तेच शंकरपाळ्याच्या आकाराचे खवले आहेत, जे डोंगरगावच्या दगडात दिसतात.