तुळशीदासाचा सिंहगड

पुणें शहराच्या नैर्ऋत्येस सिंहगड दिसतो. त्याच्याकडे बोट दाखवून शाळेंतल्या कोणत्याही मुलास विचारावें. जिजाबाईंनीं मागितलेला गड, रायबाचें लग्न टाकून निघालेला तानाजी, कड्यास चिकटलेली घोरपड, म्हातारा शेलारमामा, हें सर्व तें घडाघडा सांगेल. ही कथा त्याच्यापर्यंत कोणीं पोंचविली, असा प्रश्न मात्र फारसा कोणी करीत नाहीं. ती शाहीर तुळशीदासानें रचिली, गोंधळ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राखिली, आणि त्यांच्या तोंडून ती पुढें कादंबरीकारांच्या हातीं गेली.

कागदोपत्रीं ही हकीगत कांहींशी निराळी दिसते. १६६५ च्या जून महिन्यांत मिर्झाराजे जयसिंगाशीं पुरंदरचा तह झाला व महाराजांस तेवीस किल्ले मोंगलांच्या स्वाधीन करावे लागले. त्यांत कोंढाणा होता. फेब्रुवारी १६७० मध्यें तानाजी मालुसऱ्यानें तो परत घेतला आणि त्याच झुंजींत तो पडला. सभासदाच्या बखरींत मावळे रात्रीं वानरांसारखे कडा चढून गेल्याचें वर्णन आहे. तानाजी पडल्यावर धाकट्या भावानें, सूर्याजीनें, हिंमत धरून काम शेवटास नेल्याचेंही आहे. परंतु घोरपडीचा तेथें मागमूस नाहीं. इतकेंच नव्हे, तर तानाजीच्या मृत्यूवरून गडास सिंहगड हें नांव पडलें, ही सर्वश्रुत समजूतही टिकत नाहीं. कारण महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रांतच तें नांव आलेलें आहे.

मग शाहीर खोटें बोलला काय? १९१० सालीं पुण्यांत राजवाडे व मेहेंदळे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. अस्सल पत्रें हाच इतिहासाचा पाया, हा आग्रह तेथें दृढ झाला, आणि घटनेची तिथि-मिति ठरविण्यापुरता तो सर्वथैव योग्य आहे. तथापि कच्च्या साक्षीचाही एक उपयोग असतो. पोवाड्याचा आरंभ पाहावा. जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा पाहतात, राजगडाहून शिवाजीराजांस बोलावून घेतात, त्यांच्याशीं सारीपाट खेळतात, डाव जिंकतात आणि कोंढाणा मागतात. तह, मनसब, फर्मान यांतलें येथें कांहींएक नाहीं. पण गेलेला किल्ला पुन्हां डाव मांडूनच मिळवावा लागतो, हें राजकारणाचें मर्म त्यांत पुरतें उतरलें आहे. आणि मावळांतल्या कुणब्यास समजेल अशा भाषेंत उतरलें आहे. लग्नाचेंही तसेंच. त्याच्या घरांत मुलाच्या लग्नाहून मोठा समारंभ कोणता? तो टाकून बाप निघाला, एवढ्यानें स्वामिकार्याचें मोल त्यास पटतें. निराळें व्याख्यान लागत नाहीं.

शिवाय शाहीर एकट्यानें कथा सांगत नाहीं. तो गातो, झीलकरी मागून सूर धरतात, मध्येंच गद्यांत दोन शब्द बोलून तो पुन्हां चालीवर येतो. श्रोते रंगले तेथें प्रसंग लांबतो, कंटाळले तेथें आटोपतो. म्हणून पोवाड्यांत जें टिकलें त्यांत ऐकणाऱ्यांचाही हात आहे. आणि श्रोता बदलला कीं कथाही पालटते. १८६९ सालीं पुण्याच्याच जोतीराव फुल्यांनीं शिवाजीमहाराजांचा पोवाडा लिहिला. तो कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगीं पडावा हा त्यांचा हेतु होता. अर्थातच त्यांतला राजा कुळवाड्यांचा राजा झाला.

१८९१ सालीं ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं जुने पोवाडे मिळवून छापिले. १९२८ सालीं यशवंत नरसिंह केळकरांचा 'ऐतिहासिक पोवाडे' हा संग्रह निघाला. या परिश्रमांवांचून तुळशीदास आज आपल्या हातीं इतक्या सहज लागता ना. परंतु छापील पानावर चाल येत नाहीं, झील येत नाहीं, श्रोत्यांचा हुंकारही येत नाहीं. पत्रांची दफ्तरें आपण जपून ठेवितों. ज्यांच्या गळ्यांत या चाली अद्यापि आहेत, त्यांचें गाणें मुद्रित करून ठेवणें हेंही इतिहासाचेंच काम आहे. गड केव्हां व कसा आला, तें कागद सांगेल. सिंह गेला तेव्हां मावळास काय वाटलें, तें सांगणारा शाहिरावांचून दुसरा कोणी नाहीं.