ओसीटीचं आजोळ

अल्बर्ट मायकेल्सन यांचा १८८१ सालचा एक निबंध आहे, 'अमेरिकन जर्नल ऑफ सायन्स'मध्ये छापलेला. पृथ्वी ईथरमधून, म्हणजे प्रकाश वाहून नेतं असं मानलेल्या माध्यमातून, धावत असेल तर दिशेप्रमाणे प्रकाशाच्या वेगात फरक दिसायला हवा, तो पकडायचा हा प्रयत्न. फरक काही सापडला नाही, आणि हे पदार्थविज्ञानाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असतं. निबंधाच्या शेवटच्या ओळी मात्र फारसं कुणी वाचत नाही. तिथं मायकेल्सन या कामाचा खर्च पुरवल्याबद्दल ए. ग्रॅहॅम बेल यांचे आभार मानतात. होय, तेच टेलिफोनवाले बेल.

मी त्या ओळींपर्यंत उलट्या दिशेनं पोचलो होतो. माग काढत होतो तो डोळ्यांच्या दवाखान्यातल्या ओसीटी (ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी) यंत्राचा. हनुवटी टेकवा, हिरव्या खुणेकडे बघा, पापणी हलवू नका, आणि काही सेकंदांत डोळ्याच्या पडद्याची जाडी मायक्रॉनमध्ये छापून हातात. या यंत्राच्या पोटात मायकेल्सन यांचीच रचना बसलेली असते. बेल यांचं नाव वाचल्यापासून माझं मत पक्कं झालं आहे, की ओसीटीचं आजोळ टेलिफोनच्या घरी आहे. नेत्रवैद्यकाच्या पुस्तकांत वेगळी वंशावळ देतात. तिच्याकडे येतोच.

आधी बर्लिन. मायकेल्सन तिथं हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. याच हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे मांडला आणि जिवंत माणसाचा पडदा डॉक्टरांना दिसू लागला. म्हणजे पडदा दाखवणाऱ्याच्या छताखाली पुढे पडदा मोजणारी रचना जन्माला आली, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. रस्त्यावरच्या वाहतुकीच्या हादऱ्यांनी बर्लिनमध्ये काही दिसेना, म्हणून उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेच्या तळघरात हलवलं. तिथंही शंभरेक मीटरवर कुणी फरसबंदीवर पाय आपटले तर प्रकाशाचे पट्टे नाहीसे होत, असं मायकेल्सन यांनी लिहून ठेवलं आहे.

रचना अशी. प्रकाशाचा झोत दुभागायचा, दोन वेगळ्या वाटांनी पाठवायचा, आरशांवरून परत आणून एकत्र करायचा. मग उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. सोडियमच्या पिवळ्या ज्योतीत ते सहज मिळतात. पांढऱ्या उजेडात मात्र दोन्ही वाटा अगदी काटेकोर सारख्या असतील तेव्हाच दिसतात. थोडा फरक पडला की गेले. मायकेल्सन ज्योतीवर उपकरण जुळवून घेत आणि मग पांढऱ्या उजेडावर येत. पांढऱ्या उजेडाचा हा नखरा, हीच ओसीटीची सगळी किल्ली. एका वाटेच्या टोकाला आरशाऐवजी डोळा ठेवा आणि दुसऱ्या वाटेचा आरसा पुढेमागे सरकवा. ज्या क्षणी पट्टे उमटतील त्या क्षणी आरशाचं अंतर आणि डोळ्यातल्या परावर्तन करणाऱ्या थराचं अंतर सारखं. घड्याळ लावून हे जमलं नसतं: दहा मायक्रॉन जास्त खोल जाऊन परत यायला प्रकाशाला जेमतेम ९० फेम्टोसेकंद जादा लागतात.

मग शंभर वर्षं ही रचना पदार्थविज्ञानाकडेच राहिली. लांबी मोजली. ते सोडून देऊ.

१९८० च्या दशकात टेलिफोनची संभाषणं सर्रास काचेच्या तंतूंतून जाऊ लागली आणि नवा प्रश्न आला. लांब केबल कुठे तुटली ते प्रकाशाचा ठोका पाठवून, त्याचा प्रतिध्वनी मोजून कळे. पण बोटभर लांबीच्या उपकरणात तडा नेमका कुठे आहे, हे त्या पद्धतीला सांगता येईना. १९८७ मध्ये तीन गटांनी वेगवेगळं काम करून एकच उत्तर छापलं: मायकेल्सन यांची रचना आणि पांढऱ्याच्या जवळ जाणारा, अनेक तरंगलांबींचा प्रकाश. त्यातला एक गट, ताकादा आणि सहकाऱ्यांचा, जपानच्या एनटीटीचा होता. एनटीटी म्हणजे निप्पॉन टेलिग्राफ अँड टेलिफोन. ज्या उपकरणाचा पहिला खर्च टेलिफोनच्या जनकानं केला, ते शतकानंतर टेलिफोन कंपनीत कामाला लागलं.

आता पुस्तकी वंशावळ. तिच्या मते ओसीटी ही सोनोग्राफीची लेक: आवाजाच्या जागी प्रकाश घेतला, इतकंच. पुरावाही भरभक्कम आहे. ओसीटीतली ए-स्कॅन, बी-स्कॅन ही नावं सोनोग्राफीतूनच आली. डोळ्याची सोनोग्राफी १९५० च्या दशकातली. नोव्हेंबर १९९१ च्या 'सायन्स'मध्ये एमआयटीच्या गटानं ओसीटी जाहीर केली, तेव्हा त्यांनी स्वतःच सोनोग्राफीशी साम्य सांगितलं. या गटाचे प्रमुख जेम्स फुजिमोटो १९८६ पासून फेम्टोसेकंद लेसरचे ठोके मारून डोळ्यात अंतरं मोजत होते, आणि ती खरंच सोनोग्राफीची चाल होती.

पण ती वाट सोडावी लागली. तसले लेसर महाग आणि नाजूक. गाडी पुढे गेली ती साध्या डायोडवर, तंतूवर आणि सरकत्या आरशावर. हे करणाऱ्यांत एरिक स्वॉन्सन होते, जे एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत उपग्रहांमधल्या प्रकाश-संदेशवहनावर काम करत. त्यांनी, डेव्हिड हुआंग आणि इतरांनी १९९२ मध्ये छापलेल्या निबंधाच्या शीर्षकात 'ऑप्टिकल कोहिरन्स डोमेन रिफ्लेक्टोमेट्री' हे तंतूतला तडा शोधणाऱ्या तंत्राचंच नाव आहे. सोनोग्राफीनं नावं दिली आणि स्वप्न दिलं, हे मान्य. हाडामांसाचा सांगाडा टेलिफोनवाल्यांकडून आला. आणि प्रकाशाचा प्रतिध्वनी घेऊन शरीरात डोकवावं हे स्वप्न तरी कुणाचं? १९७१ मध्ये ते मिशेल ड्युग्वे यांनी मांडलं होतं, बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये बसून. माझ्या बाजूनं तिसऱ्यांदा टेलिफोन!

व्हिएन्नाचे लोक इथं रागावतील, आणि त्यांचा राग रास्त आहे. अडॉल्फ फर्खर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच अनेक तरंगलांबींच्या प्रकाशानं जिवंत डोळ्याची लांबी मोजून छापली होती. मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढणारी आजची यंत्रं त्याच कुळातली. फर्खर यांचं काम तंतूंच्या संशोधनातून निघालेलं दिसत नाही. माझ्या सिद्धांताला हे भोक आहे. मी ते असं बुजवतो: फर्खर यांनी एका रेषेवरचं अंतर मोजलं, तर रेषेशेजारी रेष लावून पडद्याचा उभा छेद एमआयटीनं छापून दाखवला, तोही मृत डोळ्याचा. जिवंत डोळ्यातले छेद दोन्ही गटांनी १९९३ मध्ये दिले. वडील कोण यावर भांडा हवं तर, मी आजोळाबद्दल बोलतो आहे.

आजोळ कळल्याशिवाय पुढचा एक घोळ उलगडत नाही. २००२ मध्ये आलेल्या स्ट्रॅटस या ओसीटी यंत्रावर निरोगी तरुण डोळ्याच्या पडद्याची मधली जाडी साधारण २०० ते २१० मायक्रॉन येई. नंतरच्या सिरस यंत्रावर ती २५५ च्या आसपास, स्पेक्ट्रॅलिसवर २७० च्या. काही वर्षांत माणसांचे पडदे जाड झाले नाहीत. तडा शोधणाऱ्या यंत्राला ऊती कळत नाही, प्रकाश कुठून उलटला एवढंच कळतं. स्ट्रॅटसनं मागची भिंत म्हणून प्रकाशपेशींच्या आतला एक चमकदार पट्टा धरला होता. नव्या यंत्रांना त्यामागचे पट्टे वेगळे दिसू लागले, म्हणून सिरसनं रंगद्रव्याच्या थरापर्यंत मोजलं आणि स्पेक्ट्रॅलिसनं त्याच्याही पाठीमागच्या ब्रुखच्या पटलापर्यंत.

आणि या जाडीचा दृष्टीशी संबंध? पंचविशीतली, ६/६ वाचणारी माणसं रांगेत बसवली तर त्यांच्या पडद्यांच्या जाडीत कित्येक मायक्रॉनांचा फरक निघतो. पुरुषांचा मध्यभाग बायकांपेक्षा सरासरीनं थोडा जाड भरतो, पण त्यांना तक्त्यावरची ओळ जास्त दिसत नाही. बारीक अक्षर दिसणं हे मध्यभागी शंकुपेशी किती दाटीनं बसल्या आहेत यावर, आणि पुढच्या भिंगांवर बरंचसं अवलंबून. पडद्याच्या मधोमध जो खळगा असतो तो नजर तीक्ष्ण असण्यासाठी हवाच, असंही पूर्वी मानत. मग ओसीटीनंच अशी माणसं दाखवली, की ज्यांच्या डोळ्यात खळगा जवळपास नाही आणि नजर उत्तम आहे.

तरीही छापील कागदावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग येतात. यंत्रासोबत आलेल्या निरोगी लोकांच्या नोंदींशी तुमचा आकडा ताडून ते ठरतात. नोंदीतल्या खालच्या एक टक्क्यात आकडा गेला तर लाल, मग तुम्हाला शेवटची ओळ का दिसत असेना. जास्त मायनस नंबर असलेल्या तरुणांच्या कागदावर असा लाल रंग अनेकदा उमटतो, कारण लांब डोळ्यात थर वेगळे पसरलेले असतात आणि नोंदीत तसे डोळे थोडे. जाणते डॉक्टर म्हणूनच एकट्या कागदावर घाबरवत नाहीत. सहा महिन्यांनी परत या म्हणतात, आणि तपासणी याच यंत्रावर करा, असं बजावतात.